शिडाच्या शर्यतीलाही जागा द्या

संपादक महाशय,

एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीची बातमी आपल्याकडे अपघात झाला की ठळक येते. २०१८ साली याच शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या पाठीला जबर मार बसला, तेव्हा आमच्या पारावरही चर्चा झाली. तेच टॉमी या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत पुढच्या खेपेला २३६ दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. ते इथे किती जणांना ठाऊक आहे?

या शर्यतीत जीपीएस नाही, मुक्काम नाही, बाहेरची मदत नाही. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वाट काढायची. वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र बिघडले तेव्हा या गड्याने शौचालयाचे दार कापून सुटा भाग बनवला! नौकेवर एकटाच, म्हणून झोपही तुटक. रानडुकरांपायी जागलीला जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला तुटक झोप म्हणजे काय, हे सांगायला नको. पण त्याला सकाळी घर तरी गाठता येते. आणि जिंकली कोण? दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, एक बाई.

आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून त्यांना यात रस नसेल असे समजू नका. पुढच्या शर्यतीच्या वेळी क्रिकेटचा एखादा फोटो कमी करा आणि आठवड्याला नौकांचा नकाशा छापा.

— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)