निळ्या डब्यातल्या आजीच्या ओव्या

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीला आले तेव्हा माळ्यावरचा फ्लॉपींचा निळा डबा मी पुण्याला घेऊन निघाले, त्या वेळी "त्यात आता काय उरलं असणार?" असे बाबा म्हणाले होते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या बहुतेक सगळ्या शाबूत आहेत, हे आधी सांगते.

डब्यात साडेतीन इंची ९ फ्लॉप्या होत्या. एकीच्या चकतीवर रत्नागिरीच्या पावसाळ्यांनी पांढरी बुरशी धरलेली दिसली. ती घातली असती तर ड्राइव्हचे हेड खराब होऊन बाकीच्यांनाही धोका झाला असता, म्हणून ती बाजूला ठेवली. उरलेल्या आठ यूएसबीला जोडायच्या ड्राइव्हवर वाचल्या. बाबा, तुम्ही प्रत्येक फ्लॉपीची खिटी सरकवून भोक उघडे ठेवले होते, जेणेकरून तिच्यावर चुकून कोणी काही लिहू नये. लहानपणी माझे खेळ त्यावर साठवता येत नसत म्हणून मी रुसत असे. आज त्या खिटीमुळेच १९९६ सालचे तुमचे टंकन जसेच्या तसे हाती आले आहे.

फाइल उघडल्यावर मात्र पडद्यावर मराठीचे एकही अक्षर दिसेना. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट नसला की मागे नुसती निरर्थक चिन्हे उरतात. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत, १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आपल्या घरच्या संगणकापर्यंत ती पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. रूपांतर करताना सर्वांत जास्त त्रास ऱ्हस्व इकाराने आणि रफाराने दिला, कारण जुन्या पद्धतीत इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर नोंदला जाई, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलट असतो. म्हणून यंत्रावर न विसंबता मी ओळ न् ओळ डोळ्यांखालून घातली, आणि आई, ते करताना तुझा सांगण्याचा सूर मला ऐकू येत होता.

आता हा मजकूर साध्या युनिकोड फाइलमध्ये आहे: एक प्रत माझ्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. दर दिवाळीला तिन्ही प्रती उघडून, ताडून पाहण्याचे मी ठरवले आहे. पेनड्राइव्ह तुम्हाला पाठवते आहे, पण तो कपाटात ठेवून निर्धास्त राहू नका. वर्षानुवर्षे वापराविना पडला तर त्यातलेही पुसट होत जाते. त्याच्यासोबत मोठ्या अक्षरांतली कागदी प्रतही आहे.

चौथ्या फ्लॉपीचे दोन सेक्टर, म्हणजे चकतीवरचे माहिती साठवण्याचे दोन छोटे कप्पे, काही केल्या वाचता आले नाहीत. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट आणि त्या फॉन्टमध्ये एका खुणेला एक बाइट, म्हणजे सुमारे डझनभर ओव्या गेल्या. "माहेराच्या वाटेवर आंब्याची गार साउली" इथे ओळ तुटते आणि पुढे थेट पंढरीच्या ओव्या सुरू होतात. आई, मधल्या ओव्या तुला आठवतात का? रविवारी दुपारी फोन करेन. तू सावकाश म्हण, मी लिहून घेईन, आणि बाबांना जवळ बसव. तुझा एखादा शब्द सुटला तर तो त्यांना आठवेल.

तुमची लेक