रक्तगट ‘रेअर’ की फक्त तुटवडा?

मा. संपादक, स. न.

‘दुर्मिळ रक्तगटाची तातडीने गरज’ अशा मथळ्याखाली बहुतेक वेळा ओ निगेटिव्ह किंवा बी निगेटिव्हचेच नाव असते. इंग्रजी आवाहनातला ‘रेअर’ शब्द उचलून त्याचे ‘दुर्मिळ’ केले, की बातमी तयार. रक्तसंक्रमणशास्त्रात हा शब्द इतका सैल नाही. साधारणपणे हजारात एक किंवा त्याहून कमी लोकांत सापडणाऱ्या गटालाच तो लावतात. आपल्याकडे सगळे निगेटिव्ह मिळून शेकडा पाचच्या आसपास भरतात. मे महिन्यात कॉलेजांना सुट्ट्या लागतात, शिबिरे थंडावतात, तेव्हा तर बी पॉझिटिव्हसाठीही धावाधाव होते. त्याला इंग्रजीत ‘स्कार्स’ म्हणतात. आपण ‘तुटवडा’ म्हणावे.

खरा दुर्मिळ गट म्हणजे बॉम्बे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईतच प्रथम नोंदवला. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो. या लोकांच्या तांबड्या पेशींवर ए, बी हे प्रतिजन (गट ठरवणाऱ्या पेशीवरच्या खुणा) तर नसतातच, पण ओ गटातही असणारा एच प्रतिजनही नसतो. त्यामुळे नुसत्या पेशी तपासल्या तर अहवाल ‘ओ’ येतो. धोका इथेच आहे. त्यांच्या रक्तद्रवात एचविरोधी प्रतिपिंडे असतात, म्हणून ओ रक्त चढवले तर त्या पेशी फुटतात आणि जीवावर बेतू शकते. रक्तद्रव ओ पेशींशी मिसळून पाहिला की गुठळ्या दिसतात. मग अँटी-एच चाचणीने, म्हणजे पेशींवर एच आहे का ते पाहून, खात्री करतात. सीरम ग्रुपिंग (रक्तद्रवावरून गट तपासणे) आणि क्रॉसमॅच (दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळते का ते पाहणे) घाईत गाळायचे नसते ते यासाठीच.

अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. दाता शोधताना आधी सख्खी भावंडे तपासावीत. हा गुण आईवडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता किमान चारात एक असते. समाजमाध्यमांवर संदेश फिरवण्याआधी हे करावे. नेहमीच्या पिशवीतल्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. ग्लिसरॉल घालून गोठवल्या तर दहा वर्षांपर्यंत, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

ओ निगेटिव्हचे आवाहन जरूर छापा. मथळ्यात मात्र ‘ओ निगेटिव्हचा तुटवडा’ लिहा, सोबत रुग्णालय, किती पिशव्या आणि कधीपर्यंत हव्यात तेही द्या. आवाहनात ‘बॉम्बे’ असेल तर ‘ओएच’ हे नावही जोडा, कारण काही दात्यांच्या कार्डावर तेवढेच लिहिलेले असते.

– एक वाचक, ठाणे