जिल स्टाईनवर खापर कशाला?

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या 2016 च्या निवडणुकीवर लेख आलाय, त्यात रशियाने ग्रीन पार्टीच्या जिल स्टाईनला उभं केलं, तिने हिलरीची मतं खाल्ली आणि ट्रम्प आला असं सरळ ठोकून दिलंय. सोबतच्या तक्त्यातले आकडे बरोबर आहेत, मिशिगनमध्ये ट्रम्प-हिलरीतला फरक 10,704 चा आणि स्टाईनला 51,463, विस्कॉन्सिनमध्ये 22,748 आणि 31,072, पेनसिल्व्हेनियात 44,292 आणि 49,941. पण याच तीन राज्यांत लिबर्टेरियन पार्टीचा गॅरी जॉन्सनही होता, एकट्या मिशिगनमध्ये त्याला 1 लाख 72 हजार मतं पडली आणि हा माणूस आधी न्यू मेक्सिकोचा रिपब्लिकन गव्हर्नर. मग स्टाईनची मतं हिलरीच्या खात्यात टाकायची तर जॉन्सनची कुणाच्या? तो कॉलमच गायब! शिवाय स्टाईनवाल्यांतले कितीतरी जण ती नसती तर घरीच बसले असते, मत म्हणजे काय सातबारा आहे का, एकाचं नाव कमी करून दुसऱ्याचं चढवायला.

रशियाने काही केलंच नाही असं म्हणत नाहीये हां. या ढवळाढवळीचा तपास करणाऱ्या मुलरचं फेब्रुवारी 2018 चं आरोपपत्र आहे, 13 रशियन माणसं, 3 कंपन्या, त्यात खोटी अकाउंट्स चालवणारी सेंट पीटर्सबर्गची इंटरनेट रिसर्च एजन्सी. मतदानाला पाचेक दिवस उरले असताना इन्स्टाग्रामवरच्या 'ब्लॅक्टिव्हिस्ट' अकाउंटवरून, म्हणजे कृष्णवर्णीय कार्यकर्ता असल्याचं सोंग घेऊन, पोस्ट पडली की स्टाईनला मत द्या, ते वाया जाणार नाही. बघा, नेमकं दुखतं कुठे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांचीच दुसरी अकाउंट्स मतदानालाच जाऊ नका सांगत होती, ते जास्त वाईट असं मला वाटतं. पण म्हणून रशियाने स्टाईनला उभं केलं? ती 2012 लाही ग्रीन पार्टीची उमेदवार होती की. डिसेंबर 2015 ला मॉस्कोत पुतिनच्या टेबलावर जेवायला बसली, ते दिसायला वाईटच, पण तेवढ्यावरून कुणाला हस्तक ठरवायचं का.

आणि 2000 साली कुठे होता रशिया? फ्लोरिडात बुश डेमोक्रॅट अल गोरवर 537 मतांनी जिंकला, ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरला 97 हजारांवर मतं, तेव्हाही शिव्या नेडरलाच.

खरी मेख मतपत्रिकेत आहे. एकच शिक्का, ज्याला जास्त तो जिंकला, मग तिसरा आला की कुणाचं तरी नुकसान होणारच आणि बाहेरच्याला बोट घालायला जागा मिळणार. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम टाकतात तसं अमेरिकेत मेन राज्याने सुरू केलंय. 2018 ला तिथल्या संसदेच्या दोन नंबरच्या मतदारसंघात रिपब्लिकन पोलिक्विन पहिल्या पसंतीत पुढे होता, पण दोन अपक्षांची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्यावर डेमोक्रॅट गोल्डन जिंकला, पोलिक्विन कोर्टात गेला, तिथेही हरला. मिशिगनमध्ये 2016 ला हीच पद्धत असती तर स्टाईनला 1 आणि हिलरीला 2 टाकता आलं असतं, त्या पोस्टमध्ये काय दम उरला असता? रशियाने दुसरं काहीतरी शोधलं असतं म्हणा, पण निदान स्टाईनच्या नावाने बोटं मोडायची वेळ आली नसती.

- एक वाचक, डोंबिवली