कॉम्प्रेशन साडेनऊ करूया, पण हीट कुठून काढायची ते आधी सांग

सायली बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, मागं एवढा ट्रॅफिक होता की दोनदा ऐकावा लागला. रॉयल एनफील्ड क्लासिकचं कॉम्प्रेशन वाढवायचंय, सिलिंडर वरून दीड एमएम मारून घ्यायचा, तिकडचा मेकॅनिक म्हणतोय अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि मग गाडी उडेल. आता उद्यमनगरात अख्खं आयुष्य लेथवर गेलेल्या माणसानं पोरीला धातू कापू नको म्हणायचं म्हणजे अवघडच आहे, त्यामुळं तसं म्हणत नाही. पण आधी हिशोब बघ.

तुझं इंजिन ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० एमएम, कंपनीचं कॉम्प्रेशन ८.५, म्हणजे आतलं मिश्रण साडेआठ पट दाबलं जातं. तेव्हा पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ४६ सीसी. साडेनऊ करायचं तर ती ४०.७ वर आणायची, म्हणजे साडेपाच सीसी कमी करायची. ७० च्या बोअरला एक एमएम कापला की ३.८५ सीसी जातात, तेव्हा १.४ एमएम झालं. तुझा माणूस दीड म्हणतोय तो काही येडा नाही, त्याचा अंदाज बरोबर आहे, फक्त त्यानं तुझ्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मोजलेलं नाही. ४६ हा कागदावरचा आकडा, कास्टिंगमधे थोडं इकडंतिकडं असतं, वर कार्बन साचला असेल तर अजून वेगळं. हेड उलटं ठेवून वर अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावून सिरिंजनं पातळ ऑइल भरायचं आणि किती सीसी गेलं ते लिहून काढायचं, दहा मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही.

आता मिळणार काय? ८.५ वरून ९.५ ला गेल्यावर पुस्तकाच्या हिशोबानं तीन ते साडेतीन टक्के जास्त ताकद. तुझी गाडी १९.८ बीएचपीची, म्हणजे पाऊण घोडासुद्धा नाही. खालच्या रेजला (इंजिन हळू फिरताना) ओढ जरा बरी वाटेल, अ‍ॅव्हरेज कदाचित किंचित वाढेल, पण "उडेल" वगैरे विसर.

आणि द्यायचं काय, तर हीट. गंमत म्हणजे कॉम्प्रेशन वाढवलं की सायलेन्सर उलट कमी तापतो, कारण गॅस जास्त पसरून जास्त काम करून बाहेर पडतो, आणि लोक पाइपला हात जवळ नेऊन म्हणतात बघा गाडी थंड चालतेय! पण आत स्फोटाच्या क्षणी प्रेशर आणि टेम्परेचर दोन्ही वाढलेलं असतं आणि ते हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, पिस्टनचा माथा यांच्यावर येतं. पाण्याच्या गाडीत रेडिएटर आणि फॅन असतो, सिग्नलला उभी राहिली तरी पाणी फिरतंय. तुझ्याकडं फिना (इंजिनवरच्या त्या पातळ पट्ट्या) आणि समोरून येणारा वारा, एवढंच, बाकी जे काय ते ऑइल घेऊन जातं. वारा थांबला की संपलं. युनिव्हर्सिटी चौकात उभी राहिल्यावर काय होतं ते तुला मांडीला कळतच असेल.

नुसत्या तापण्यानं लगेच काही मरत नाही, मरतं नॉकिंगनं. हेड तापलेलं, त्यात येणारा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, गरम, वर कॉम्प्रेशन जास्त, मग कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. तो टणटण आवाज तर येतोच, पण खरं नुकसान असं की पिस्टनच्या माथ्यावर गॅसचा एक पातळ थर असतो जो धातूला वाचवत असतो, नॉकिंगचे झटके तो थर फाडतात आणि हीट सरळ अ‍ॅल्युमिनियममधे घुसते, हेड अजून तापतं, नॉकिंग अजून वाढतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थ्रॉटल सोडल्याशिवाय थांबत नाही. प्लग काढून भिंगातून बघायला शिक, पांढऱ्या पोर्सिलीनवर बारीक चकाकणारे करडे ठिपके दिसले तर ती धूळ नव्हे, तुझ्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे ते. कान चुकेल, प्लग चुकत नाही.

तुझ्या गाडीला दोन प्लग आहेत ही तुझी जमेची बाजू. दोन ठिकाणाहून पेट घेतल्यामुळं जळणं लवकर उरकतं, कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच कमी मिळतो. पण त्याच्या जिवावर जास्त उड्या नको, कारण जुन्या बुलेटसारखा पॉइंट फिरवून ठिणगीचं टायमिंग जरा मागं घ्यायची सोय तुझ्यात नाही, ते इलेक्ट्रॉनिक डब्यात बंद आहे. कॉम्प्रेशन वाढलं की अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर यायच्या किती आधी ठिणगी पडते ते) थोडा कमी लागतो आणि तुझा डबा जुनाच देत राहणार.

आणि ही गोष्ट तुला पुण्यात कोण सांगणार नाही. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे, तिथं हवेचं प्रेशर समुद्रकाठापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. पुण्यात ट्यून करून गोड चाललेली गाडी घेऊन तू चिपळूणला उतरलीस की सिलिंडर जास्त भरतो, म्हणजे आतलं प्रेशर अजून वाढलं, आणि कार्ब्युरेटरवाली असल्यामुळं मिश्रण जरा लीनही होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. मग परत येताना एप्रिलच्या दुपारी कुंभार्ली घाट, मागं मैत्रीण, दोन बॅगा, ट्रकच्या मागं वीसच्या स्पीडनं, आणि तुझी ती वरच्या गिअरमधे पूर्ण थ्रॉटल पिळायची सवय. वारा नाही, लोड पूर्ण, रेज कमी. नॉकिंगला याहून चांगलं आमंत्रण नाही. ट्यूनिंग तिथं पास झालं पाहिजे, बाणेर रोडवर नाही.

पेट्रोलचं म्हणशील तर आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) येतंय, ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याची ताकद, ९५ सांगतात, इथेनॉल बाष्प होताना चार्ज थंडही करतं, त्यामुळं साडेनऊला ते खरं तर मदतच करतं. पण एक किलो निव्वळ पेट्रोल जाळायला हवा लागते १४.७ किलो आणि ई-२० ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुन्याच जेटवर तुझी गाडी आत्ताच लीन चालतेय. आधी मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक-दोन नंबर मोठा, मग बाकी सगळं. कॉम्प्रेशनला हात न लावता एवढं केलंस तरी गाडी थंड होईल बघ.

अजून एक, सिलिंडर १.४ नं बुटका झाला की खालून व्हॉल्व्ह उघडायला जाणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, तेवढेच लांब पडतात. त्यांच्या खालचं ऑइलवर चालणारं हायड्रॉलिक टॅपेट थोडं सांभाळून घेतं पण त्याला मर्यादा आहे, नाहीतर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि न बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कारण सीटला टेकूनच तो आपली हीट देत असतो. तेव्हा पुशरॉड पण बघायला लागणार. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा क्ले दाबून मोजायची, पिस्टन आणि हेडमधली सोल्डरची तार चेपून. ती दुसरी एक एमएमच्या आसपास आली तर मला आवडेल, मिश्रण ढवळलंही जातं आणि कडेचं लवकर जळतं.

तर गाडी इकडं आण. आधी जेट, प्लग एक नंबर थंड (हीट लवकर बाहेर देणारा), फिनांमधला चिखल आणि तो कोणीतरी मारलेला जाड काळा रंग काढायचा. मग हेड मोजू आणि पहिल्यांदा नऊपर्यंतच जाऊ, पाऊण एमएमच्या आसपास, कारण कापलेलं परत चिकटवता येत नाही. नऊवर घाट चढून ये, प्लग दाखव, ठिपके नसले तर उरलेलं मी स्वतः मारून देतो, मजुरी लागणार नाही.

येताना दीड एमएमची सोल्डर वायर आण, इथल्या दुकानात जाडच मिळते. आणि निघायच्या आधी काचेतून ऑइल बघ, मागच्या वेळी खालच्या रेघेच्या पण खाली होतं. आईला फोन कर.

बाबा