अक्का, तो आवंढा आता आडवा येत नाही

आदरणीय अक्का,

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहितोय. आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावकडची पोहणारी पोरं आता माझाच जुना प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, पाण्याखाली जायला दम धरायचा सराव करताना येणाऱ्या आवंढ्याचं काय करायचं, आणि उत्तराचं श्रेय मला मिळतंय, ते काही बरोबर नाही.

दम धरून पडलं की थोड्या वेळानं आवंढा गिळावासा वाटतो. छातीत हवा भरपूर असते, श्वासाच्या ओढीनं पोटात बसणारे हिसकेही सुरू झालेले नसतात, तरी घशाशी कुणीतरी तगादा लावल्यासारखं होतं. गिळायचंच नाही असं ठरवलं की सगळं लक्ष घशात जातं, जबडा आवळतो, खांदे ताठतात आणि दम संपायच्या आधीच माणूस उठून बसतो. यावर मिळेल त्याच्याकडून एकच सल्ला मिळायचा, 'मन घट्ट कर.' तुम्ही तो ऐकून हसलात, तिथंच मला निम्मं बरं वाटलं.

एका श्वासावर, सिलिंडर न लावता खाली जायचं म्हणजे फ्रीडायव्हिंग, हे सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "पण बेळगावात समुद्र कुठाय रे?" नाहीच आहे. मुरुडेश्वरचं नेत्राणी बेट नाहीतर चोर्ला घाट उतरून गोवा. एरवी घरची चटई आणि पोहण्याचा तलाव. पण गिळण्याचं म्हणाल तर ते तुमच्या रोजच्या कामातलं. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा गिळायला शिकवायचं, कुणाला 'गिळा' म्हणत, कुणाला कानडीत 'नुंगरी' म्हणत, दाट केलेलं पाणी चमच्यानं द्यायचं. माझा प्रश्न अशा माणसापुढं जायला हवा होता, पाणबुड्यापुढं नव्हे.

शेजारी माग खडखडत असताना तुम्ही मला चटईवर उताणं झोपवलंत, दोन बोटं हलकेच गळ्याच्या घाटीवर ठेवलीत आणि म्हणालात, "धर दम." मी दम धरला, तशी घाटी वर सरकून तिथंच थांबली. "बघ, तू आधीच अर्धं गिळून बसलायस. पुढचं अर्धं घसा मागणारच की!" जीभ मागं ओढलेली, दाढा एकमेकींवर दाबलेल्या, हनुवटी छातीत रुतलेली. मग एकेक सोडायला लावलंत: जिभेचं टोक वरच्या दातांमागं नुसतं टेकलेलं, दाढांमध्ये फट, हनुवटी सरळ, आणि ओठ मिटूनच जांभई येऊ घातल्यासारखा घसा मोकळा. तुमच्या बोटांखाली घाटी खाली उतरली ते मलाही कळलं. मान जराशी कुशीकडं वळवायला सांगितलीत, कारण उताणं पडलं की लाळ थेट घशाच्या तोंडाशी जमते. मान कलली की ती गालात थांबते. तलावात पालथं तरंगताना ती आपोआप ओठांकडं येते, म्हणून तिथं हा त्रास कमी, हेही तेव्हा उमगलं.

त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं शरीरशास्त्र मी अजून लोकांना सांगत फिरतो. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि जागा माणूस साधारण मिनिटाला एकदा ती नकळत गिळतो. गिळताना स्वरयंत्र वर जातं, श्वासनळीचं दार बंद होतं आणि मेंदू क्षणभर श्वासही थांबवतो. म्हणजे गिळल्यानं दम मोडत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड वाढून श्वासाची ओढ लागते, तेव्हा एका आवंढ्यानं घटकाभर बरंच वाटतं. 'मग गिळ की एकदा, कोण नको म्हणतंय? फक्त त्याच्या मागं लागू नकोस.' आणि लगेच परीक्षा: लागोपाठ रिकामे आवंढे गिळून दाखव. तीन-चार झाल्यावर घसा हलेचना! गिळायला तोंडात काहीतरी लागतं, लाळ संपली की हौसही संपते. वाचणाऱ्यांनी आत्ता बसल्या जागी करून बघावं.

तेव्हापासून मी त्या आवंढ्याशी भांडत नाही. आला तर एकदा शांतपणे गिळतो, जीभ जागेवर ठेवतो आणि पुढं पोटातल्या हिसक्यांकडं लक्ष देतो, कारण खरा सराव तिथं असतो. सरावाआधी घोटभर साधं पाणी पितो, आमचा गोड कुंदा नंतर. (कुंद्याचा चिकटा तोंडात राहतो हेही तुमचंच निरीक्षण, आणि खाऊन झाल्यावर केलेलं.)

तुम्ही विचारलं होतंत, स्पर्धेतले लोक काय करतात? २००९ साली फ्रान्सच्या स्तेफान मिफसूदनं ११ मिनिटं ३५ सेकंद दम धरला. तेव्हाचा नियम असा की नाक-तोंड पाण्यात हवं, आणि वर आल्यावर १५ सेकंदांत चेहऱ्यावरचं साहित्य काढून, हातानं खूण करून 'मी ठीक आहे' म्हणायचं. आवंढा गिळू नये असं कुठंच लिहिलेलं नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, जिचा तेव्हा राग आला होता. मी सुरुवातीला भराभर श्वास घ्यायला लागलो, तर तुम्ही सरळ पाठीत धपाटा घातलात. भराभर श्वासानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. मग ओढ उशिरा लागते आणि माणूस पाण्यात काहीही न जाणवता बेशुद्ध पडतो. म्हणून आमच्यात नियम झाला आहे: पाण्यातला सराव एकट्यानं कधीच नाही, आणि काठावरचा माणूस हे शिकलेला हवा, मोबाईल बघणारा नको.

आता एक काम आहे. खोलीत उतरताना कान मोकळे करायला घशाचं दार मिटून जिभेच्या बुडानं हवा वर ढकलतात. त्याला फ्रेंझेल म्हणतात. मला तर ते तुमच्या गिळण्याच्याच कुळातलं वाटतं. पोरांना ते जमत नाही, गाल फुगवून बसतात. येत्या रविवारी सकाळी सगळी आमच्या घरी जमतायत. तुमची दोन बोटं आणि अर्धा तास मिळाला तर फार बरं होईल. रिक्षा करू नका, मी गाडी घेऊन येतो.

तुमचा,
गल्लीतला पाणबुड्या