दोन सह्यांशिवाय चेक नाही

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडं सगळं ठीक आहे. व्हॉट्सअ‍ॅपला आणि मेलला आणखी एक कुलूप घालून घेऊ, हे फोनवर तीनदा सांगून बघितलं. बाबा "हो हो, बघतो" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते. शिवाय हा कागद कपाटात राहील, लागेल तेव्हा काढून बघता येईल.

आई, गेल्या महिन्यात तुझं व्हॉट्सअ‍ॅप गेलं, ते मला चार दिवसांनी कळलं. भिशीतल्या काकूंच्या नंबरवरून मेसेज आला, "माझे सहा आकडे चुकून तुझ्या फोनवर आलेत, तेवढे पाठव." त्या काकू नव्हत्याच, त्यांचं खातं आधीच कुणीतरी घेतलं होतं. ते आकडे खरं तर तुझंच व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर उघडायचे होते. तू ते पाठवलेस आणि थोड्याच वेळात आत्याला तुझ्या नावानं मेसेज गेला, दवाखान्यात आहे, पंधरा हजार पाठव. आत्यानं आधी बाबांना फोन लावला म्हणून पैसे वाचले. पण तू चार दिवस धड जेवली नाहीस आणि बाबांना म्हणालीस, "पोरीला कळवू नका." ते माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या माणसानं आत शिरल्या शिरल्या तुझ्या खात्याला स्वतःचा सहा आकडी पिन घातला होता. म्हणून मी सांगितल्यावर तू एसएमएसचे नवे आकडे टाकलेस तेव्हा तो बाहेर पडला, पण त्याचा पिन आपल्याला माहीत नसल्यानं तुलाही सात दिवस थांबायला लागलं. तोच पिन आपण आधी घालून ठेवला असता, तर तू एसएमएसचे आकडे देऊनही त्याला आत येता आलं नसतं. दिवाळीत मी तुझा फोन तासभर हातात घेऊन बसले होते, तेव्हाच हे करून द्यायला हवं होतं.

बाबा, तुम्ही पतसंस्थेत होता तेव्हा मी शाळेतून येऊन तुमच्या टेबलाशी बसायची. एकदा मॅनेजरसाहेब स्वतः चेक घेऊन आले, घाईत होते, दुसरी सही राहिली होती. तुम्ही चेक तसाच परत त्यांच्यापुढं सरकवलात. एकट्या सहीवर चेक पास नाही, मग सही कुणाचीही असो. मी सांगते आहे ते एवढंच आहे. पासवर्ड ही पहिली सही, ती चोरता येते. दुसरी सही तुमच्या हातातल्या फोनमधून येते. कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी येतो ना, तीच ही दुसरी सही. रिझर्व्ह बँकेनं ती 2009 पासून सक्तीची केली. मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला ती आपल्याला स्वतः चालू करायला लागते.

व्हॉट्सअ‍ॅपला एसएमएसचे आकडे ही पहिली सही आणि आपला पिन ही दुसरी. तो घालायला सोपा आहे: सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. पिनला कुणाचं जन्मसाल नको, गाडीचा नंबरही नको. अधूनमधून ते आपणहून पिन विचारतं, विसरू नये म्हणून. तेव्हा गोंधळू नका.

खरं जपायचं ते बाबांचं जीमेल. बँकेची स्टेटमेंट तिथं येतात, आणि कुठलाही पासवर्ड विसरला की नवा करायची लिंकही तिथंच येते. मेल ज्याच्या हातात गेला त्याच्या हातात बाकीच्या किल्ल्याही गेल्या. तिथं दुसरी सही म्हणून मी ऑथेंटिकेटर अ‍ॅप घालून देणार आहे. त्यात दर 30 सेकंदांनी नवे सहा आकडे दिसतात, आणि त्याला रेंज लागत नाही, नेट लागत नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण मला 2019 चा ऑगस्ट आठवतो. पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली होती. शुक्रवार पेठेतलं घर सोडून तुम्ही मामाकडं गेलात, लाइट नाही, रेंज नाही, आणि मी पुण्यात नुसता फोन लावत बसलेली. अशा वेळी एसएमएसचा ओटीपी येणार नाही. फोनच भिजला तर अ‍ॅपही गेलं. त्यासाठी गुगल आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, एक कोड एकदाच चालतो. ते मी कागदावर छापून आणते. घराच्या कागदांची ती निळी प्लॅस्टिकची पिशवी पाणी चढलं की बाबा सगळ्यात आधी उचलतात, तिच्यात तो कागद ठेवू.

आता आकडे कुणाला सांगायचे, तर कुणालाच नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला नाही, भिशीतल्या मैत्रिणीला नाही, माझ्या आवाजात कुणी मागितले तर मलाही नाही. मी कधीच मागणार नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

तरीही कधी आकडे दिले गेलेच आणि पैसे गेले, तर आई, तोंड लपवून बसायचं नाही. त्याच मिनिटाला 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावायचा, मग बँकेला, मग मला, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपणच आकडे दिले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे गप्प राहिलेला एकेक तास आपल्याच खिशातून जातो. तुला कुणी रागावणार नाही. बाबासुद्धा नाहीत, मी त्यांच्याशी बोलले आहे.

शनिवारी दुपारी पोचते. बाबा, तुमचा जुना फोनही चार्ज करून ठेवा, अ‍ॅप दोन्हीकडं घालू. आणि आई, भिशीतल्या काकूंना रविवारी सकाळी घरी बोलाव. त्यांच्या फोनला अजून पिन घातलेला नसेल.

तुमची,
सोनी