अडणारी जीभ

चि. बाळास,
सलाम.

आई म्हणाली, तुझ्या मंडळीत पाळकसाहेबांनी रविवारचा शास्त्रपाठ तुला वाचायला सांगितलाय आणि तू ‘नाही’ म्हणून कळवणार आहेस. फोनवर माझे शब्द तुझ्याहून जास्त अडतात, म्हणून लिहितो.

ही जीभ तुला माझ्याकडूनच आली. तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. तुझ्याच वयाचा असताना तरुण संघाच्या सभेत विश्वासाची साक्ष द्यायला उभा राहिलो आणि पहिल्याच शब्दावर अडकलो. ‘प्रभू’. ‘प्र’ काही केल्या सुटेना. कोणीतरी हसलं आणि मी खाली बसलो. त्यानंतर तो शब्दच टाळू लागलो. ‘देवा’ म्हणायचो, ते सोपं जायचं. अकरा वर्षं मी त्याला प्रभू म्हटलं नाही रे, एकटा असतानासुद्धा. जीभ मोकळी कर म्हणून उपास केले. ती मोकळी झाली नाही.

बायबलातल्या निर्गमाच्या चौथ्या अध्यायात मोशे म्हणतो, मी मुखाचा आणि जिभेचा जड आहे. देव त्याची जीभ सुधारत नाही, माणसाला मुख कोणी दिलं असं विचारतो. मला ते फार कठोर वाटायचं. पुढचं मी नीट वाचलंच नव्हतं. मोशे तरीही नकोच म्हणतो, देव रागावतो, आणि त्या रागातच सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाय. म्हणजे मोशे नकार देत होता तेव्हा अहरोन वाटेवर होता!

हे मला कळलं तुझ्या आजीच्या शेवटच्या रात्री. तिच्या उशाशी प्रार्थना करायची होती. तोंड उघडलं, आवाज येईना. शब्द बदलून बघितला, तोही अडला. रडू यायला लागलं. तेव्हा तिनंच, धाप लागलेली असताना, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं आणि मी तिच्या आवाजात आवाज मिसळला. सगळी प्रार्थना म्हटली, एकदाही न अडता. जोडीनं म्हणताना जीभ अडत नाही, गाताना अडत नाही तशी, हे तुलाही ठाऊक आहे. पण त्या रात्री ती मरणाऱ्या बाईची ताकद नव्हती आणि माझी तर नव्हतीच.

करिंथ शहरातल्या मंडळीतले काही जण प्रेषित पौलाबद्दल म्हणत, पत्रं वजनदार, पण समोर आला की दुबळा आणि बोलणं टाकाऊ. हे त्यानं स्वतःच त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय. बाराव्यात तो शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवतो. काटा कसला ते सांगत नाही, आणि तो बोलण्याचाच होता असं मी म्हणणार नाही. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर मिळालं. ते ‘पुरे’ मला आधी दटावल्यासारखं ऐकू यायचं. आता आजी आठवते. महिनाअखेरीस पिठाच्या डब्यात हात घालून ‘पुरेल’ म्हणायची ना, तसं ऐकू येतं.

नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. वाचलंस आणि अडलास, तर शब्द बदलू नकोस. थांब. मंडळीला थांबू दे.

कोणता अध्याय आहे आणि उपासना किती वाजता, तेवढं आईला कळव. त्याच वेळी मी इथं ओट्यावर बसून तोच मोठ्यानं वाचीन.

तुझा,
पप्पा